‘वारा’, ‘श्वास’ आणि ‘आत्मा’ : मूळ शब्द एकच आहे काय?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ):
सर्वांना नमस्कार. गावातील रविवारच्या अभ्यासवर्गात बायबलच्या जुन्या करारातील यहेज्केल या पुस्तकाचा 37 वा अध्याय वाचताना 9 व्या वचनात वारा व श्वास, तर 14 व्या वचनात आत्मा आला. मूळ हिब्रूत तिन्ही ठिकाणी एकच शब्द असल्याचे पाळकसाहेबांनी सांगितले. मग मराठीत तीन शब्द कशासाठी?

उत्तर 1:
पाळकसाहेबांचे म्हणणे बरोबर आहे. तो शब्द ‘रुआख’. बायबलमधील पहिल्या स्तोत्राच्या 4 थ्या वचनात भुसा उडवणारा वाराही हाच. खळ्यावर उंच उभे राहून सुपातून तूर उधवताना दाणा पायाशी पडतो, भुसा धुऱ्यापर्यंत जातो आणि वारा पडला की सूप हातातच थांबते; न दिसता हलवणारी ही शक्ती म्हणजे रुआख. मराठीत इतके सारे पेलणारा एक शब्द नाही. ‘प्राण’ मला जवळचा वाटतो, पण भुसा उडवणाऱ्या वाऱ्याला कोणी प्राण म्हणत नाही.

उत्तर 2:
पहिले उत्तर देणाऱ्या ताई म्हणतात त्याला नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्येही जोड आहे. योहान 3:8 मध्ये वारा आणि आत्मा या दोहोंसाठी ‘न्यूमा’ हा एकच शब्द असल्याने येशूच्या बोलण्यातील श्लेष मराठीत हरवतो. मात्र बायबलमधील मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या 1890 च्या स्ट्राँगच्या शब्दसूचीत रुआखचा क्रमांक 7307 पाहून त्याखालील सगळे अर्थ एकाच वचनात भरू नयेत. अर्थ वाक्याने ठरतो. आपणही ‘पाणी’ शब्द शेताला, डोळ्यांना आणि विळ्याच्या धारेला वेगवेगळ्या अर्थाने लावतोच ना?

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. येत्या रविवारी 37 वा अध्याय प्रत्येक ठिकाणी ‘रुआख’ घालूनच वाचू.