मदत हवी आहे: न्यू जर्सीत मुलीच्या घरी २० मीटर बँडवर संध्याकाळी एस ९ नॉइज (रेडिओत जोरदार घरघर), आणि मी बोललो की एमसीबी पडते

नमस्कार हॅम (हौशी रेडिओ) मंडळी,

सोलापूरहून लिहितोय. येत्या जूनमध्ये पुन्हा मुलीकडे न्यू जर्सीला सहा आठवडे जायचं आहे. गेल्या खेपेला रेडिओ नेला होता आणि जवळजवळ रिकाम्या हाताने परत आलो. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून आतापासूनच विचारतोय.

परवान्याची अडचण नाही. भारत-अमेरिका परस्पर करार असल्याने आपल्याच परवान्यावर तिथे बोलता येतं. कॉलसाइनच्या (परवान्यावरच्या ओळख-अक्षरांच्या) आधी डब्ल्यू२ लावायचं आणि प्रत्येक संभाषणात एकदा तरी गाव व राज्य इंग्रजीत सांगायचं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ४० मीटर बँडचं मात्र नीट पाहून जा. आपण इथे ७१०० किलोहर्ट्झच्या खाली रोज गप्पा मारतो, ती जागा तिथे आवाजासाठी बंद आहे. तिथला फोनचा भाग ७१२५ ला सुरू होतो आणि आपला परवाना ७२०० ला संपतो. हातात उरतात फक्त ७५ किलोहर्ट्झ.

त्यामुळे माझा सगळा भर २० मीटरवर. रेडिओ २० वॅटचा. बॅटरी १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-तास, म्हणजे ७७ वॅट-तास. विमानातल्या १०० च्या मर्यादेत असल्याने हातसामानातून नेली. अँटेना १० मीटर वायरचा एंड-फेड (एका टोकाला जोडलेला), ४९:१ ट्रान्सफॉर्मरसह, मागच्या अंगणात फायबरच्या काठीला तिरका बांधलेला. तिथून कोॲक्स केबल खिडकीतून आत.

जूनमध्ये एक छान योग असतो. तिथे साडेआठला सूर्य मावळतो तेव्हा सोलापुरात सकाळचे सहा वाजलेले असतात, नुकतंच उजाडलेलं असतं. दोन्ही टोकं एकाच वेळी संधिप्रकाशात, म्हणून सिग्नल पोचायची आशा जास्त. माझे गुरू, ज्यांच्याकडून मी मोर्स शिकलो, वय ७८, त्या वेळी जुळे सोलापुरातल्या घरी सेट लावून माझ्यासाठी बसायचे. एका संध्याकाळी त्यांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, 'ऐकू येतोयस, पाच-तीन. मी उत्तर देतोय.' (पाच म्हणजे बोलणं स्पष्ट, तीन म्हणजे सिग्नल कमजोर.) मी हेडफोन कानावर दाबून बसलो होतो. नुसती घरघर. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता, त्यांचा माझ्यापर्यंत नाही. ती संध्याकाळ अजून मनातून जात नाही.

आता नॉइजबद्दल. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस मीटरवर दिवसा एस ४, सव्वाआठनंतर एस ९. पाच एस युनिट म्हणजे ३० डेसिबल, शक्तीच्या हिशेबात हजारपट. सोलर इन्व्हर्टर असता तर सूर्य मावळल्यावर शांत झाला असता, इथे उलटं होत होतं. वॉटरफॉलवर (सेटच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या चित्रात) ठरावीक अंतराने जाड, किंचित सरकणारे पट्टे दिसायचे. स्विचिंग सप्लायची (ॲडॉप्टरमध्ये असतो तसा वीजपुरवठा) खूण ती हीच. आम्ही पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणारी माणसं. मोटरचा आणि स्टार्टरचा कडकडाट कानाने ओळखतो, लाइट गेली की बॅटरीवर सेट लावून बँड ऐकतो. तीच युक्ती तिथे केली. मुलीला विचारून दहा मिनिटं घराचा मेन बंद केला. एस ९ चं एस ८ झालं, एवढंच. म्हणजे मुख्य उगम घराबाहेर.

दुसऱ्या दिवशी खिशातला मिडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर घेऊन अंधार पडल्यावर फिरलो. सामाईक भिंतीच्या शेजाऱ्यांच्या डेकजवळ घरघर एकदम वाढली. कठड्याला एलईडीच्या माळा, आणि फळ्यांच्या खाली, बाहेरच्या प्लगमध्ये, काळा ॲडॉप्टर. ट्रान्झिस्टर त्या बाजूला वळवला की स्टेशन पूर्ण बुडायचं. नियम आपल्या बाजूने आहे, अशा उपकरणाने परवानाधारक सेवेला हानिकारक अडथळा केला तर तो थांबवण्याची जबाबदारी ते वापरणाऱ्याची असते. पण मी सहा आठवड्यांचा पाहुणा, मुलीला तिथे वर्षानुवर्षं राहायचंय. मी दार वाजवलं नाही.

आणि अडथळा मीसुद्धा केला. मी सीक्यू (कुणीही उत्तर द्या अशी हाक) दिला की वरच्या बेडरूमची एमसीबी पडायची. ती आर्क फॉल्ट जातीची आहे, वायरिंगमध्ये शिरलेल्या आरएफला (रेडिओ लहरींना) ती ठिणगी समजते. नातू झोपलेला, त्याचा रात्रीचा दिवा दोनदा गेला. त्यानंतर मी ५ वॅटवर आलो आणि पुढे बोलणंच सोडलं.

माझा अंदाज असा की नॉइज सेटपर्यंत येणं आणि एमसीबी पडणं, दोन्हीचं मूळ कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून वाहणाऱ्या प्रवाहात आहे. एंड-फेडला वेगळा काउंटरपॉइज (प्रवाह परतायला दुसरी वायर) नव्हता, म्हणून कोॲक्सच अँटेनाचा भाग बनला, आणि तो थेट घरात शिरलेला. यंदा ३१ मिक्सची २४० आकाराची फेराइट रिंग नेतोय, तिच्यावर बारीक कोॲक्सचे दहा-बारा वेढे, म्हणजे तो प्रवाह अडवणारा चोक. चोक ट्रान्सफॉर्मरला चिकटून लावू आणि काउंटरपॉइज म्हणून मीटरभर वायर सोडू, की कोॲक्स घरात शिरतो तिथे खिडकीपाशी लावू? की दोन्हीकडे? ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिलंय त्यांनी आधी आणि नंतरचं एस मीटरचं वाचन सांगितलं तर फार उपयोग होईल.

एंड-फेड सोडून साधा डायपोल (मधोमध जोडलेला, दोन हातांचा अँटेना) नेला तर एमसीबीचा त्रास कमी होईल का? जागा कमी आहे, उलटा व्ही कसाबसा बसेल.

आणि शेजाऱ्यांचं. परदेशात कुणी असं दार वाजवलंय का? मी स्वतःच्या खर्चाने चांगला ॲडॉप्टर किंवा वायरवर बसणारे क्लिपचे फेराइट घेऊन द्यायला तयार आहे. सुरुवात कशी केलीत, मुलीला सोबत नेलं की एकटे गेलात, तेवढं सांगा.

तिकीट ४ जूनचं आहे. गुरुजींनी वेळ आत्ताच विचारून ठेवली आहे.

७३ (शुभेच्छा)