शब्दचर्चा : विकर ‘विशिष्ट’ असतं, म्हणजे नेमकं कसं?

अमळनेरहून, विज्ञानाच्या शिक्षिका :
‘विकरे विशिष्ट असतात’ हे वाक्य परवा फळ्यावर लिहिलं. (विकर म्हणजे एन्झाइम, सजीवांतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ.) लाळेतलं अमायलेज हे विकर स्टार्चवर काम करतं, म्हणून भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, हेही सांगितलं. तेवढ्यात एक मुलगा उठला. सुटीच्या दिवशी तो घरच्यांबरोबर कापूस वेचायला जातो. म्हणाला, “मॅडम, कापूसही ग्लुकोजचाच बनतो असं तुम्हीच सांगितलं होतं. मी बोंडातला कापूस चावून पाहिला, गोड नाही लागला. विकर एवढं विशिष्ट आहे, तर त्याला कापूस का जमत नाही?” त्याने ‘विशिष्ट’चा अर्थ ‘खास, भारी’ असा घेतला होता. विचारल्यावर कळलं, बऱ्याच मुलांनी तसाच घेतला होता. दुसरा शब्द सुचवाल का? आणि विकर ज्याच्यावर काम करतं त्या पदार्थाला, सब्स्ट्रेटला, ‘क्रियाधार’ म्हटलं की मुलं ‘आधार देणारा, मदत करणारा’ असं समजतात. त्याचं काय करावं?

धुळ्याहून, मराठीचे शिक्षक :
मॅडम, मुलांचा दोष नाही. शब्दच दोन्हीकडे वापरला जातो. २६ जानेवारीच्या बातम्यांत ‘परम विशिष्ट सेवा पदक’ ऐकू येतं, तिथे अर्थ ‘असामान्य’. ‘विशिष्ट वेळीच गोळी घ्या’ म्हणतो, तिथे ‘ठराविक’. विकराच्या बाबतीत हा दुसरा अर्थ. परीक्षेत पुस्तकातलाच शब्द लिहू द्या, पण शिकवताना ‘नेमकं’ म्हणा. विकर नेमकं असतं, ज्याचं त्याचं काम तेच करतं.

क्रियाधारासाठी मी व्याकरणाकडे जाईन. ‘अमायलेज स्टार्च तोडतं’ हे वाक्य घ्या. अमायलेज कर्ता, स्टार्च कर्म. क्रिया ज्याच्यावर घडते तो क्रियाधार, म्हणजे वाक्यातलं कर्म. मुलांना कर्म ओळखता येतं, तिथूनच सुरुवात करावी.

नेमकेपणाही आपल्या क्रियापदांत आहेच. शेतातच बघा : कापूस वेचतात, ज्वारीची कणसं खुडतात, भुईमूग उपटतात, केळीचा घड कापतात. ‘भुईमूग वेचला’ म्हटलं तर आजी विचारेल, खाली सांडला होता का? सगळी कामं पीक घरी आणायचीच, पण प्रत्येक पिकाला हाताची चाल वेगळी, म्हणून क्रियापद वेगळं. काही क्रियापदं तर फारच कडक. ‘विंचरणे’ म्हटलं की केसच. ‘तोडणे’ मात्र सैल : मिरच्या, भेंडी, शेंगा, लाकूडसुद्धा. विकरांतही असे कडक-सैल असतात का, हे जाणकारांनी सांगावं.

यावलहून, जीवशास्त्र शिकवणारे :
असतात, सर, आणि तुमचं उदाहरण तंतोतंत बसतं. युरिएज हे ‘विंचरणे’. ते युरियावरच काम करतं, त्याचा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतं. युरिया मातीत न मिसळता वरवर पडून राहिला की जो उग्र वास येतो, तो मातीतल्या जिवाणूंच्या युरिएजने सुटलेल्या अमोनियाचा. जठरातलं पेप्सिन हे ‘तोडणे’. डाळीचं, दुधाचं, अंड्याचं, कुठलंही प्रथिन त्याला चालतं. पण स्टार्चला तेही हात लावत नाही.

आता त्या मुलाचा कापूस. त्याचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. स्टार्च आणि कापसातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच मण्यांच्या माळा. फरक गाठीचा. स्टार्चमध्ये मणी एकाच बाजूने ओवलेले (अल्फा बंध), सेल्युलोजमध्ये एक सुलटा, एक उलटा (बीटा बंध). अमायलेजच्या अंगावर एक खोबण असते. तिच्यात अल्फा गाठ नीट बसते आणि सुटते. बीटा गाठ तिथे बसतच नाही. मणी तेच असून उपयोग नाही.

गंमत म्हणजे रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी विकरासाठी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली ती याच पेचातून. यीस्टमधलं विकर अल्फा जोडणीचा पदार्थ फोडायचं, बदामातलं बीटा जोडणीचा. अदलाबदल चालत नव्हती.

उपमेत कुलूप कोणतं, हे मुलांना आधी ठरवून द्या. काम करून जशीच्या तशी परत येते ती किल्ली, म्हणून मुलं विकराला किल्ली म्हणतात. पण खोबण विकराला आहे, म्हणून कुलूप विकर आणि किल्ली क्रियाधार. १९५८ मध्ये शास्त्रज्ञ कोशलँड यांनी यात दुरुस्ती केली : खोबण लोखंडासारखी ताठ नसते, क्रियाधार आला की ती त्याच्याभोवती आवळते. जात्याचा खुंटा धरताना मूठ वळते तशी. उघडा पंजा खुंट्यासारखा दिसत नाही, धरल्यावर बसतो. दळण झालं की हात पुन्हा मोकळा, पुढच्या घासाला तयार.

केळीवरही करून दाखवा. हिरव्या केळ्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळं-काळं होतं, चांगल्या पिकलेल्यावर रंग जेमतेम येतो. पिकताना फळातल्याच विकरांनी स्टार्चची साखर केलेली असते. सालीतलं सेल्युलोज अमायलेजने फुटत नाही.

जळगावहून :
‘विकर’ हा शब्द वि + कृ यावरून, ‘विकार’ही तिथलाच. आज विकार म्हणजे आजार, पण जुना अर्थ नुसता ‘बदल’. दही हा दुधाचा विकार. हे सांगितलं की शब्दाची भीती जाते.

आणखी एक, देवनागरीत फार सोपं दिसतं. लॅक्टोज ही दुधातली साखर, लॅक्टेज तिला फोडणारं विकर. माल्टोज-माल्टेज, सुक्रोज-सुक्रेज तसंच. ‘ओ’काराचा काना पुसला, नुसती मात्रा ठेवली, की साखरेचं नाव तिच्या विकराचं होतं. पेप्सिनसारखी जुनी नावं या रीतीत बसत नाहीत, तेवढं सांगून ठेवावं.

अमळनेरहून, पुन्हा :
काल हे सगळं वर्गात केलं. ‘नेमकं’ लगेच पटलं, खुडणे-वेचणे तर मुलांनीच वाढवत नेलं. शेवटी कापूसवाल्या मुलाला फळ्याजवळ बोलावलं आणि ‘सेल्युलोज’ लिहायला लावलं. त्याने बोटाने ‘लो’चा काना पुसला : सेल्युलेज. थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “मॅडम, हे आपल्याकडे नाही, पण कडबा खाणाऱ्या आमच्या गाईकडे असेल ना?” गाईच्या पोटातल्या जिवाणूंकडे आहे, असं सांगितलं.