मदत हवी आहे : कलावंतांना आमदारांपुढे बोलायला कसं शिकवायचं? 12 दिवस उरलेत

वैनगंगाकाठची :
नमस्कार, घाईघाईत लिहून राहिली आहे, समजून घ्या. अधिवेशन 12 दिवसांवर आलं आणि आमच्या 18 जणांना नागपूरला न्यायचं आहे. निवेदन तयार आहे, 17 मागण्यांचं, टाइप करून झालं, गाडीचंही ठरलं. अडचण बोलण्याची आहे. ही माणसं रात्री दहाला उभी राहतात ती पहाटेपर्यंत अख्ख्या मंडपाला जागेवरून हलू देत नाहीत, पण मागच्या महिन्यात एका पुढाऱ्यांना भेटायला गेलो तर सगळे हात जोडून गप. ज्यांनी बोलायचं ठरलं होतं ते "साहेब, आमच्याकडे लक्ष असू द्या" एवढंच म्हणाले, शाल दिली, फोटो काढला, झालं. आणि बाहेर टपरीवर चहा पिताना तेच तासभर असं बोलले की ऐकणाऱ्याचा गळा दाटून यावा. ते आत काहून निघत नाही? असं शिबिर कोणी घेतलं आहे का? काय शिकवता, सराव कसा घेता? रात्री प्रयोग असतात म्हणून दुपारचे दोनच तास मिळतात. लवकर सांगा.

तिसरी_घंटा :
अधिवेशनाच्या काळात कार्यक्रम सादर करायचाय का तुम्हाला? त्याची परवानगी वेगळी असते आणि हॉल आधीपासून बुक असतात. पुण्याहून आम्ही एकदा एकांकिका घेऊन गेलो होतो, नेपथ्य उतरवायलाच जागा मिळेना.

वैनगंगाकाठची :
नाही हो, सादर काही करायचं नाही. भेटायचं आहे. मागायचं आहे.

रंकाळा_78 :
मोर्चा असेल तर पोलीस परवानगी आत्ताच घ्या. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवतात, मग पाच जणांचं शिष्टमंडळ आत नेतात. त्या पाचांत कोण हे आधी ठरलेलं नसलं की तिथंच भांडणं लागतात, मी डोळ्यांनी बघितलंय.

फाइलवाला :
ताई, कुठले कलावंत, कुठला जिल्हा, मागणी कोणाकडे आणि किती रुपयांची? यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही. मी बरीच वर्षं एका आमदारांचा पीए होतो, आता निवृत्त आहे. 17 मागण्यांच्या निवेदनाचं काय होतं ते सांगतो. साहेब ते हातात घेतात, पहिल्या पानावर नजर टाकतात आणि मागे माझ्यासारखा उभा असतो त्याच्याकडे देतात. रात्री आमदार निवासात पिशवी पलंगावर उलटी केली की साठ-सत्तर निवेदनं पडायची. त्यातलं ज्यावर एकच मागणी आणि ती कोणत्या खात्याची, कोणत्या जीआरमध्ये काय बदल हवा हे लिहिलेलं असेल ते मी बाजूला काढायचो, कारण त्यावर तिथल्या तिथे लेटरहेडवर मंत्र्यांना पत्र टाइप करता यायचं. लांबलचक निवेदनांना "योग्य कार्यवाहीसाठी" म्हणून कव्हरिंग लावायचो, त्यांचं पुढे काय झालं ते मलाही माहीत नसायचं. बोलायला नंतर शिकवा, आधी 17 ची एक करा.

वैनगंगाकाठची :
मला वाटलं वैनगंगा म्हटल्यावर कळेल. झाडीपट्टी रंगभूमीचे, म्हणजे इकडच्या गावोगाव रात्रभर चालणाऱ्या नाटकांचे लोक आहेत, दोघे दंडारवाले, तिघे खडीगंमतवाले, हे दोन्ही इकडचे लोकनाट्याचे प्रकार. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया चारही जिल्ह्यांतले. वडसाला (देसाईगंज) बहुतेक नाट्य मंडळांची ऑफिसं आहेत, तिथेच जमतो. एक मागणी कशी करू? प्रत्येकाची वेगळी आहे.

तिसरी_घंटा :
झाडीपट्टीला सरकारी पैसा कशाला हवाय? उलट तिकिटावर स्वतःच्या पायावर उभी असलेली रंगभूमी आहे ती. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव बुकिंग. आमची शहरातली नाटकं अनुदानावर जगतात आणि अनुदान संपलं की नाटकही संपतं. सरकारचा हात लागला की परीक्षक येतात, निकष येतात, मग निकषांसारखी नाटकं लिहिली जातात. मी हे अगदी मनापासून सांगतोय, त्या लोकांना या वाटेला नेऊ नका.

वडसा_एक्सप्रेस :
तिसरी घंटा भाऊ, तिकिटावर मंडळ चालते, मान्य. गावाचा मंडपाचा खर्च निघते, मालकाचा निघते. कलाकाराला नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, भेटते, ती पण उभा आहे तोवर. आवाज गेला, गुडघा गेला, की पुढच्या सीझनच्या पोस्टरवर नाव नाही. होळीनंतर सात-आठ महिने कोण पोसते त्याला? धानाच्या रोवणीला जातात आमच्या हिरॉइनी. आमच्या झाडीपट्टीच्या नटाला, परशुराम खुणेंना, 2023 ला पद्मश्री भेटली, आम्ही वाजतगाजत आनंद केला, पण त्यांच्यासारखे शंभर जण इथे बसले आहेत ना.

हडसनकाठी :
मी न्यू जर्सीत असते. इकडे अमेरिकन्स फॉर द आर्ट्स नावाची संस्था वॉशिंग्टनमध्ये नॅशनल आर्ट्स अ‍ॅडव्होकसी डे घ्यायची, त्याची पद्धत तुम्हाला उपयोगी पडेल. आधी प्रशिक्षण, मग राज्यवार गट करून आपापल्या लोकप्रतिनिधींच्या ऑफिसात. प्रत्येक गटाला एक मुख्य. एकानं ओळख करून द्यायची, एकानं आपली गोष्ट सांगायची, एकानं आकडा मागायचा, एकानं लिहून घ्यायचं. चौथं काम सगळ्यात महत्त्वाचं, कारण नंतर आभाराच्या पत्रात त्यांचेच शब्द त्यांना परत पाठवायचे असतात. आणि आकडा हवाच. इकडची नॅशनल एंडोमेंट फॉर द आर्ट्स 1965 सालची, 2024 चं बजेट 20 कोटी 70 लाख डॉलर, त्यातल्या अनुदानाचा 40 टक्के वाटा राज्यांकडे जातो. हे आकडे तिथल्या शाळेतल्या संगीतशिक्षिकेलासुद्धा पाठ असतात.

तिसरी_घंटा :
आणि 2025 च्या मे महिन्यात त्याच संस्थेनं मंजूर केलेली कितीतरी अनुदानं एका ईमेलवर रद्द केली. सरकारच्या पैशाचं हेच होतं, म्हणूनच सांगतोय.

हडसनकाठी :
रद्द झाली हे खरं आहे. पण म्हणूनच लोक परत गेले ना दारात. जायचं कसं हे माहीत होतं म्हणून जाता आलं.

रंकाळा_78 :
अवांतर आहे, पण राहवत नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आम्ही रस्त्यावर उभं राहून रडलोय. कोल्हापूरकर लगेच जमले, सगळ्या पक्षांचे लोक आले, निधी जाहीर झाला. आग लागल्यावर सगळे येतात. तुमच्याकडं आग दिसत नाही एवढाच फरक.

फाइलवाला :
हडसनकाठी, चार जणांची वाटणी उत्तम, ती घ्या. पण आपल्याकडे ऑफिसात बसून वीस मिनिटं मिळणार नाहीत. नागपूरला सकाळी आठ ते दहा आमदार निवासात गाठायचं, खोलीत, पॅसेजमध्ये नाहीतर गाडीपर्यंत चालताना. विधान भवनाच्या पासवर विसंबू नका, 18 पास मिळायचे नाहीत. मिळतील ती दोन-तीन मिनिटं, त्यातही फोन वाजणार. आणि दिवस थोडे असतात, 2024 चं हिवाळी अधिवेशन 16 ते 21 डिसेंबर, सहा दिवसांत आटोपलं होतं.

दुसरं, नागपूरला पैसे मिळत नाहीत हे कलावंतांना आधी समजावून सांगा, नाहीतर निराश होऊन परततील. पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतरच्या जादा खर्चाच्या सरकारी मागण्या, अधिवेशनाच्या सुरुवातीलाच छापून मांडल्या जातात, त्यात ऐनवेळी काही घुसत नाही. खरी तरतूद मार्चच्या बजेटमध्ये होते. म्हणून डिसेंबरात दोनच गोष्टी मागायच्या. आमदारांना म्हणायचं, मंत्र्यांना तुमच्या सहीचं पत्र द्या, आणि पुरवणी मागण्यांवर सांस्कृतिक कार्य विभागाची चर्चा निघाली की दोन वाक्यं बोला. ती दोन वाक्यं ताई, तुम्हीच त्यांना चिठ्ठीवर लिहून द्या. पत्र गेल्यावर त्यावर मंत्र्यांचा शेरा काय पडला, विभागाचा आवक क्रमांक काय, फाइल कोणत्या कार्यासनाकडे (टेबलाकडे) आहे हे विचारत राहायचं. क्रमांक नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा.

लोकधारा_सांगली :
त्यापेक्षा राज्यपालनियुक्त आमदार गाठा. विधान परिषदेवर 12 जण साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यांतून घेतात, घटनेतच आहे. गदिमा होते, ना. धों. महानोर होते. कलावंताचं दुःख कलावंतालाच कळणार.

फाइलवाला :
कळेल, पण मत मागायला त्यांना वडशाला यायचं नसतं. ताईंच्या चार जिल्ह्यांचे मिळून 16 आमदार होतात. गडचिरोली 3, चंद्रपूर 6, भंडारा 3, गोंदिया 4. प्रत्येक आमदाराकडे त्याच्याच मतदारसंघातला कलावंत गेला पाहिजे. 18 जण एकाच खोलीत घुसू नका.

लोकधारा_सांगली :
दोन्ही करा की. आणि आमदार निधीतूनही मागा, वर्षाला 5 कोटी असतात.

फाइलवाला :
त्यातून रंगमंच, सभागृह अशी बांधकामं होतात. दरमहा मानधन नाही देता येत. ताई, मानधनाचंच आहे का मुख्य?

वैनगंगाकाठची :
हो, आज दुपारी सगळ्यांना बसवून विचारलं. 17 वाचून दाखवल्या आणि म्हटलं, एकच ठेवायची, बाकीच्या खोडा. दोन तास भांडले, पण उरली ती मानधनाचीच. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेचे 2024 पासून सरसकट 5 हजार झाले, ते चांगलं झालं. पण जिल्ह्यातून वर्षाला 100 जणच घेतात. जिथे गावागावात दंडार आहे तिथेही 100 च. आणि पुरावा मागतात. आमच्या एका मावशींनी आज पेटी आणली होती, आत पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली नाटकांची हँडबिलं, तीस वर्षांची, घडीवर फाटलेली. प्रत्येकावर नाव आहे, पण स्टेजवरचं. आधार कार्डावर दुसरंच. त्या हँडबिलांवरून हात फिरवून म्हणत होत्या, "हे मीच आहो ना पोरी, आता कसं दाखवू." माझ्याने पुढे बोलवलं नाही.

फाइलवाला :
मग पुराव्याचीच मागणी न्या. गावच्या नाट्य मंडळाचा दाखला आणि हँडबिल पुरावा म्हणून धरावं, एवढंच. सरकारला एक पैसा लागत नाही, वित्त विभागाकडे फाइल जात नाही, विभागाच्या पातळीवर शुद्धिपत्रक निघू शकतं. पहिल्याच फेरीत काहीतरी हाती लागलेलं बरं असतं.

हडसनकाठी :
मला नाही पटत. निधी मागायला निघालात आणि पैसे सोडून कागद मागणार? पुरावा सोपा केला तरी जागा 100 च, म्हणजे रांग लांब होणार. आकडा काढा. चार जिल्ह्यांत प्रत्येकी आणखी 100 वाढवले तर 400 माणसं, महिना 5 हजार, वर्षाचे 2 कोटी 40 लाख.

वडसा_एक्सप्रेस :
म्हणजे एका आमदाराच्या वर्षाच्या निधीच्या अर्ध्यापेक्षा कमी! चार जिल्हे मिळून! हे तिथे असंच म्हणायचं बरं का ताई.

फाइलवाला :
ही तुलना चांगली आहे, पण आमदाराच्या तोंडावर करू नका, दुखावतील. 2 कोटी 40 लाख एवढंच सांगा, गणित ते स्वतः करतील. आणि दोन्ही मागण्या घ्यायच्याच असतील तर कागदावर जागा वाढवणं, तोंडी मावशींची हँडबिलं. सरावाचं म्हणाल तर तुमच्याकडे नट आहेत, त्यांच्यातल्याच एकाला आमदार करा. त्यानं फोन घ्यायचे, मध्येच उठायचं, दुसऱ्याशी बोलायचं. समोरच्यानं तरीही तीन वाक्यांत आपलं म्हणणं पोचवायचं. रोज दोन तास हेच, दुसरं काही शिकवू नका. आणि शाल-नारळ बंद. शाल दिली की सत्काराची भेट होते, मागणीची राहत नाही.

तिसरी_घंटा :
माझं मत कायम आहे, पण मावशींचं वाचून थांबलो. एक नट म्हणून सांगतो, ते आत गप्प होतात कारण तिथे त्यांना भूमिका नाही. याचक म्हणून उभं राहायची त्यांना सवय नाही आणि ती लावूही नका. त्यांना सांगा, तुम्ही या आमदाराच्या मतदारांना इतकी वर्षं ओळखता, ती ओळख घेऊन जा. पहिलं वाक्य त्याच्या गावाचं असू द्या.

वैनगंगाकाठची :
तिसरी घंटा दादा, तुमचं वाक्य आज कामाला आलं. आमच्या पडवीत सराव घेतला. विनोदी कामं करणारे काका आमदार झाले, खुर्चीत बसून खरोखर तीन फोन घेतले, घड्याळ पाहिलं, उठले. पहिले दोघे अडखळले, तिसरे रडायलाच लागले. मग मावशी उठल्या. काका दाराकडे चालले होते, त्यांच्या बाजूनं चालत म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या गावच्या मंडईच्या जत्रेत मी नाटक केलं तेव्हा तुमची आई पहिल्या रांगेत बसली होती, सकाळी तिनंच मला चहा पाजला. हे बघा त्या रात्रीचं हँडबिल." काका थांबले. खोटे आमदार होते, तरी थांबले आणि हँडबिल हातात घेतलं. मग मावशींनी आकडा सांगितला, बरोबर सांगितला.

16 गट करायला माणसं पुरत नाहीत, सध्या 11 मतदारसंघांचे लोक आहेत. आणि एक नवीनच अडचण. आदल्या रात्री मावशींचा प्रयोग आहे ब्रह्मपुरीकडे, पहाटे सुटेल. आठला आमदार निवासात कसं पोचायचं?

वडसा_एक्सप्रेस :
राहिलेल्या पाच मतदारसंघांतले लोक मी शोधतो, तिरोड्याचे एक खडीगंमतवाले शाहीर ओळखीचे आहेत, उद्याच फोन करतो. गाडी माझी घ्या ताई. मंडपापाशी पहाटे चारलाच लावून ठेवतो. नागभीड, भिवापूर, उमरेड करत सात-साडेसातपर्यंत नागपुरात. मावशीला म्हणा, मेकअप पुसत बसू नको, खोबरेल तेलाची बाटली आणि टॉवेल गाडीतच ठेवतो. हँडबिलाची पेटी मात्र मांडीवर घ्यायला सांगा, डिक्कीत नको.