लिनक्सच्या बोर्डाने सेन्सरचे मायक्रोसेकंद मोजावेत का?

क्षणमोजणी

मत आधी सांगतो, कारणं मागाहून. ज्या सेन्सरचं टायमिंग मायक्रोसेकंदांत मोजावं लागतं, तो रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासारख्या, लिनक्सवर चालणाऱ्या बोर्डाच्या पिनला थेट जोडूच नये. मध्ये एक साधा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकच प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप, हवा. पायने आकडे गोळा करावेत, साठवावेत, आलेख काढावेत. पल्स, म्हणजे पिनवरचा क्षणिक विद्युत संकेत, मोजणं हे त्याचं काम नव्हे.

हे मत ऐकीव नाही. पाण्याच्या टाकीवर मी एचसी-एसआर०४ हा प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर लावला होता. ट्रिगर पिनवर १० मायक्रोसेकंदांचा पल्स द्यायचा आणि एको पिन किती वेळ हाय (व्होल्टेज चढलेली) राहते ते मोजायचं. दर ५८ मायक्रोसेकंदांमागे एक सेंटीमीटर. पायथॉनमध्ये दोन व्हाइल लूप लिहिले, एक पिन हाय होण्याची वाट पाहणारा, दुसरा लो होण्याची. आठवडाभर उत्तम चाललं. मग त्याच बोर्डावर डेटाबेस टाकला आणि कोणी पाणी वापरत नसतानाही पातळी चार-पाच सेंटीमीटरने खाली-वर व्हायला लागली. सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, आवाज टाकीच्या कडेवर आपटून येतोय का तेही पाहिलं. शेवटी दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा उलगडा झाला: डेटाबेस कार्डावर लिहीत असे, नेमक्या त्याच वेळी पातळी उडी मारत असे. लूप एको संपण्याची वाट पाहत असताना शेड्युलरने, म्हणजे कोणता प्रोग्रॅम कधी चालेल ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाने, प्रोसेसर दुसऱ्याला दिला, अडीचशे-तीनशे मायक्रोसेकंदांनी परत दिला, आणि तेवढ्यात माझं पाणी पाच सेंटीमीटर खाली गेलं.

मला जिव्हारी लागलं ते वेगळंच. ही चूक चुकीसारखी दिसत नाही. एरर येत नाही, प्रोग्रॅम थांबत नाही, आकडा अगदी शक्य वाटावा असा असतो. तीन आठवडे मी त्या आकड्यांवर पंप चालवत होतो.

मध्यक

निदान पटलं, औषध नाही पटलं. सात वेळा मोजा आणि मधला आकडा घ्या. दोन मोजण्यांमध्ये ६० मिलिसेकंद सोडले तरी सगळं मिळून अर्धा सेकंदही लागत नाही. टाकीतलं पाणी तेवढ्या वेळात कुठे जाणार? उडी मारलेली एक-दोन रीडिंग आपोआप बाजूला पडतात. त्यासाठी दुसरा बोर्ड, त्याचं वेगळं फर्मवेअर, आणखी एक केबल, म्हणजे बिघडायला आणखी चार जागा कशाला?

शिवाय तुम्ही ज्या मायक्रोसेकंदांसाठी जीव टाकताय, त्यांहून मोठी चूक त्या ५८ मध्येच बसलेली आहे. आवाजाचा वेग २० अंश सेल्सियसला सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास असतो आणि दर अंशामागे साधारण ०.६ मीटरने बदलतो. हवेचं तापमान १० अंशांनी हललं तर दोन मीटरच्या अंतरात साडेतीन सेंटीमीटरचा फरक पडतो. बंद टाकीत दुपार आणि पहाट यांत एवढा फरक सहज असू शकतो. आधी तापमान मोजा, मग शेड्युलरला दोष द्या.

क्षणमोजणी

तापमानाचा मुद्दा मान्य, आणि ती दुरुस्ती मी आता घातली आहे. पण या दोन चुका एका पारड्यात घालू नका. तापमानाची चूक संथ असते, तिचं सूत्र माहीत आहे, एक थर्मामीटर लावून ती काढून टाकता येते. शेड्युलरची चूक कधी येईल आणि किती येईल हे कोणत्याच सूत्रात बसत नाही.

मधला आकडा घ्यायचा तर वाईट रीडिंग एकटी-दुकटी असावी लागतात. माझ्याकडे ती घोळक्याने येत होती, कारण कार्डावर लिहिणं चालायचं तेव्हा ते दोन-तीन सेकंद चालायचं. अर्ध्या सेकंदातल्या सातपैकी चार मोजण्या बिघडल्या की मधला आकडाही बिघडलेलाच.

चाळीसबिट

दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय, की लिनक्सवर पिन वाचायची म्हणजे पायथॉनच्या लूपमधूनच वाचायची. माझा विरोध त्या गृहीतकाला आहे. डीएचटी२२ या तापमान-आर्द्रतेच्या सेन्सरवर मी याच खड्ड्यात पडलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या सेन्सरला क्लॉकची, म्हणजे ठोका देणारी, वेगळी तार नसते. एकाच तारेवरून ४० बिट येतात: १६ आर्द्रतेचे, १६ तापमानाचे, ८ चेकसमचे, म्हणजे पडताळणीचे. प्रत्येक बिटाआधी तार ५० मायक्रोसेकंद लो असते. नंतर २६ ते २८ मायक्रोसेकंद हाय राहिली तर शून्य, ७० राहिली तर एक. म्हणजे शून्य आणि एक यांच्यात चाळीसेक मायक्रोसेकंदांचं अंतर, बस्स. सगळा निरोप पाचेक मिलिसेकंदांत संपतो आणि पुन्हा विचारायचं तर दोन सेकंद थांबावं लागतं. पल्स संपल्याचं लूपला उशिरा कळलं की शून्याचा एक होतो. सुरू झाल्याचं उशिरा कळलं की एकाचा शून्य होतो. अख्खा पल्सच निसटला तर पुढचे सगळे बिट एका घराने सरकतात. चेकसम यातलं बरंच पकडतो, पण तो म्हणजे चार बाइटची नुसती बेरीज आहे. एका बाइटमध्ये शून्याचा एक झाला आणि दुसऱ्या बाइटमध्ये त्याच जागी एकाचा शून्य झाला, तर बेरीज जुळते आणि चुकीचं तापमान खरं म्हणून आत येतं.

आता उपाय. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, डीएचटी११ नावाचा ड्रायव्हर आहे, डीएचटी२२ सुद्धा त्यावरच चालतो. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओव्हरले, म्हणजे हा सेन्सर जोडल्याची ओळ, लिहायचा आणि मग तापमान फाइल वाचावी तसं वाचायचं. हा ड्रायव्हर लूपमध्ये पिनकडे डोळे लावून बसत नाही. पिन बदलली की इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला तातडीची हाक, येतो आणि त्या क्षणीच कर्नेल वेळ टिपून ठेवतो. तुमचा प्रोग्रॅम नंतर शंभर मिलिसेकंदांनी जागा झाला तरी बिघडत नाही, वेळा आधीच लिहिलेल्या असतात. एचसी-एसआर०४ ला हेच लावा. लिबजीपीआयओडी ही पिना हाताळणारी लायब्ररी वापरून एको पिनच्या दोन्ही कडांचे (हाय होण्याचे आणि लो होण्याचे) इव्हेंट मागा, प्रत्येकाबरोबर कर्नेलने मारलेला वेळेचा शिक्का नॅनोसेकंदांत येतो. वजाबाकी करा, झालं. इंटरप्टलाही कधी उशीर होतो, पण पायथॉनच्या लूपशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

एक सूचना: जुन्या लेखांत पिगपिओ लायब्ररीची शिफारस दिसेल. ती डीएमएच्या, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत लिहिणाऱ्या यंत्रणेच्या, मदतीने दर ५ मायक्रोसेकंदांना पिनांची स्थिती टिपते, त्यामुळे प्रोसेसर कितीही गुंतलेला असला तरी फरक पडत नाही. कल्पना फारच सुंदर आहे. पण पाय ५ वर पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपमधून येतात आणि तिथे ही लायब्ररी चालत नाही.

क्षणमोजणी

कडांचे इव्हेंट मी वापरून पाहिले नव्हते. या आठवड्यात पाहतो.

कंपनवेध

टाकी आणि आर्द्रता यांवरच चर्चा चालली आहे, म्हणून मध्यक यांचा उपाय पुरेसा वाटतो. मी मोटरची कंपनं मोजते. तिथे प्रत्येक नमुना ठरलेल्या क्षणीच हवा, कारण पुढे त्यावर फूरिए विश्लेषण (लहरीतल्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या काढणं) होतं आणि ते दोन नमुन्यांमधलं अंतर सारखं आहे असंच धरून चालतं. एकाच क्षणाचे सात नमुने घेता येत नाहीत, तो क्षण एकदाच येतो.

१०० हर्ट्झच्या कंपनाचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं. नमुना १०० मायक्रोसेकंद इकडे-तिकडे झाला, तर लहर शून्यातून जाते त्या ठिकाणी शिखराच्या सहा टक्क्यांहून जास्त चूक होते. प्रत्येक नमुना असाच हलत राहिला, तर संकेत आणि गोंगाट यांचं गुणोत्तर २४ डेसिबलच्या आसपास अडकतं, म्हणजे जेमतेम चार बिट. तुम्ही व्होल्टेजचा आकडा करणारा १६ बिटांचा कन्व्हर्टर लावा की २४ बिटांचा, हातात चारच पडतात. आणि हे सगळं आलेखात पसरट गोंगाट म्हणून दिसतं. बेअरिंग खराब झालं आहे की शेड्युलर दमला आहे, हे त्यावरून कळत नाही.

एमसीपी३००८ सारख्या कन्व्हर्टरला स्वतःचं घड्याळ नसतं. एसपीआय या जोडणीवरून तुम्ही विचाराल तेव्हा तो मोजतो. म्हणजे तुमच्या विचारण्यातला सगळा डळमळीतपणा मोजमापात उतरतो. कडांच्या इव्हेंटचा इथे उपयोग नाही, कारण सेन्सर कडा देतच नाही. क्षणमोजणी यांच्या बाजूने माझं मत.

मध्यक

ताई, तुमच्या कामात माझा उपाय चालणार नाही, हे मान्य. पण तरी मायक्रोकंट्रोलर लागतोच असं नाही. स्वतःचं घड्याळ आणि स्वतःची रांग असलेला सेन्सर घ्या. एमपीयू-६०५० या त्वरण मोजणाऱ्या सेन्सरमध्ये १०२४ बाइटची रांग आहे. तीन अक्षांचा एक नमुना सहा बाइटचा, म्हणजे सेकंदाला हजार नमुने घेतले तरी ती भरायला १७० मिलिसेकंद लागतात. लिनक्स तेवढ्यात नक्की येऊन उचलून नेतो. नमुने सेन्सरच्या घड्याळाने सारख्या अंतरावर घेतलेले असतात.

कंपनवेध

सारख्या अंतरावर, हो. पण किती अंतरावर? असल्या आतल्या घड्याळांचा वेग छापलेल्या आकड्याइतकाच असतो असं नाही. एडीएस१११५ या कन्व्हर्टरच्या डेटाशीटमध्ये नमुन्यांच्या वेगात दहा टक्क्यांपर्यंत फरक धरायला सांगितला आहे. १०० हर्ट्झचं शिखर ९२ वर दिसलं तर मी काय समजायचं? नमुने मोजून, खऱ्या वेळेशी ताडून वेग काढावा लागतो. तेवढं केलं तर तुमचा मार्ग चांगला आहे, आणि बऱ्याच जणांना तो पुरेल.

सरकतं घड्याळ

सगळ्यांना एक विनंती. वेळेतलं अंतर मोजायला पायथॉनचं टाइम डॉट टाइम वापरू नका, मोनोटॉनिक (कधीही उडी न मारणारं घड्याळ) वापरा. पाय ५ च्या आधीच्या पायवर बॅटरीचं घड्याळ नाही. चालू झाल्यावर तो जुनीच वेळ धरून बसतो आणि नेटवर्क मिळालं की एकदम पुढे उडी मारतो. ती उडी मोजणीच्या मधोमध आली तर तुमचं पाणी चंद्रापर्यंत पोचतं.

आणि लूपच्या शेवटी १० मिलिसेकंद झोपणं म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी मोजणं नव्हे. कामाला ०.८ मिलिसेकंद लागले तर फेरी १०.८ ची होते, आणि तासाला ३,६०,००० नमुन्यांऐवजी ३,३३,३३३ मिळतात. पुढची वेळ आधीच्या ठरलेल्या वेळेत १० मिळवून काढा आणि त्या क्षणापर्यंत झोपा.

शून्यप्रतीक्षा

रिअल-टाइम कर्नेलचं नाव अजून कोणीच घेतलं नाही? नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१२ पासून प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे हीच रिअल-टाइम सोय, मुख्य कर्नेलमध्येच आहे, तेही ६४ बिटांच्या आर्मसाठी. वीस वर्षं लोकांनी बाहेरून पॅच म्हणून सांभाळलेलं काम आता आत आलंय. एक कोर वेगळा राखा, आपल्या कामाला फिफो प्राधान्य (इतरांना बाजूला सारून सलग चालण्याचा हक्क) द्या, मेमरी लॉक करा. मायक्रोकंट्रोलरची गरज संपली.

चाळीसबिट

संपली नाही. रिअल-टाइम म्हणजे उशिराला वरची मर्यादा, शून्य उशीर नव्हे. ती मर्यादा काही दशक मायक्रोसेकंदांची असेल, तर कंपनवेध यांना भरपूर फायदा होईल, पण २६ आणि ७० मायक्रोसेकंदांत फरक करणाऱ्या लूपला तिचा भरवसा कसा वाटेल? शिवाय फिफो प्राधान्याने अखंड फिरणारा लूप त्या कोरवर इतर कामांना उपाशी ठेवायला लागला, की कर्नेल मूळ सेटिंगनुसार दर सेकंदातले ५० मिलिसेकंद त्यांच्यासाठी काढून घेतं. नेमका तेव्हा पल्स आला तर गेला. हे सेटिंग बदलता येतं, पण मग लूप अडकला तर तो कोरही अडकला.

क्षणमोजणी

आठवड्याने परत आलो. एको पिन लिबजीपीआयओडीच्या इव्हेंटवर घेतली, डेटाबेस तसाच चालू ठेवला. पातळीच्या उड्या गेल्या. अधूनमधून अर्धा-पाऊण सेंटीमीटर हलतं, तेवढं टाकीला चालतं. त्यामुळे धाग्यातलं पहिलं वाक्य मी आता तसंच लिहिणार नाही. ज्या सेन्सरच्या कडा कर्नेल टिपू शकतो, त्याला पाय पुरतो. जिथे ठरलेल्या क्षणी आपणच काही करायचं असतं, म्हणजे नमुना घ्यायचा, अचूक रुंदीचा पल्स द्यायचा, तिथे माझं मत कायम आहे. पिको या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरच्या आरपी२०४० चिपमध्ये पिनांसाठी आठ स्वतंत्र स्टेट मशीन (फक्त पिना हाताळणारे छोटे प्रोसेसर) आहेत. १२५ मेगाहर्ट्झला एक पाऊल ८ नॅनोसेकंदांचं, आणि मुख्य प्रोग्रॅम काय करतोय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

सरकतं घड्याळ

मग एक प्रश्न उरतो आणि तो तुमच्याच बाजूचा आहे. पिकोला अंतरं छान कळतात, तारीख कळत नाही. नमुने यूएसबीवरून पायकडे आले की वेळेचा शिक्का कोण मारणार? पायने पोचल्यावर मारला तर तोच डळमळीतपणा मागच्या दाराने परत आला.

क्षणमोजणी

शिक्का पिकोचाच. प्रत्येक नमुन्याबरोबर तिच्या मायक्रोसेकंद काउंटरचा आकडा पाठवतो. पाय दर मिनिटाला तिला तिचा आकडा विचारतो, आपली वेळ शेजारी लिहितो, आणि या जोड्यांमधून सरळ रेषा काढतो. ज्या जोडीत प्रश्नोत्तराला जास्त वेळ लागला ती टाकून देतो. दोन्ही घड्याळांच्या क्रिस्टलमध्ये दशलक्षात २० चा फरक असला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, त्यामुळे ही रेषा एकदाच काढून भागत नाही. आणि काउंटर ६४ बिटांचा वाचा. मी आधी खालचे ३२ बिटच पाठवत होतो, ते दर ७१ मिनिटं ३५ सेकंदांनी शून्यावर येतात.