अनुभव धागा : ए बाजूचं शेवटचं गाणं

साताऱ्याच्या माणसाला क्वीन या ब्रिटिश रॉक बँडबद्दल बोलायला निमित्त लागत नाही. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आठ वर्षांचा असताना पाचगणीला सेंट पीटर्समध्ये शिकायला आला, तिथेच फरोखचा फ्रेडी झाला आणि बाराव्या वर्षी वर्गमित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढून पियानो वाजवायला लागला. हे सगळं आपल्या जिल्ह्यात घडलं. पण त्यावर पुष्कळ लिहून झालंय आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'वर तर त्याहून जास्त. मला आज विचारायचंय ते त्याच अल्बममधल्या एका धाकट्या, हसऱ्या गाण्याबद्दल.

'सीसाइड राँदेव्हू'. 'अ नाइट ॲट द ऑपेरा' हा अल्बम नोव्हेंबर १९७५ मध्ये आला, त्यातल्या पहिल्या बाजूचं हे सातवं आणि शेवटचं गाणं. जेमतेम सव्वादोन मिनिटांचं. सिंगल म्हणून ते कधी निघालं नाही. जुन्या इंग्लिश म्युझिक हॉलच्या वळणाचं, प्रेयसीला समुद्रकिनारी भेटायला बोलावणारं. मध्येच एक अख्खा बँड वाजायला लागतो, क्लॅरिनेट काय, ट्यूबा काय. आणि त्यातलं एकही वाद्य खरं नाही! क्लॅरिनेटच्या घराण्यातले आवाज फ्रेडीने तोंडाने काढले आणि पितळी वाद्यांचे ड्रमर रॉजर टेलरने. लगेच टॅप डान्स ऐकू येतो, तोही पायांचा नाही. दोघांनी बोटांत अंगुस्तानं घालून मिक्सिंग डेस्कवर बोटं नाचवलीत.

माझं सांगतो. ९३ साली मला कांजिण्या झाल्या. शनिवार पेठेतल्या आमच्या घरी माडीवरच्या खोलीत मला वेगळं ठेवलं होतं. बारावीचं वर्ष, पुस्तकं उशाशी आणि डोळे दुखतायत. मावसभावाने पुण्याहून साठ मिनिटांच्या कॅसेटवर हा अल्बम भरून पाठवला होता. दादा टेपरेकॉर्डर दाराबाहेर जिन्यात ठेवायचा आणि बाजू संपली की खालून ओरडायचा, "उलटी करू का रे?" मी नको म्हणायचो. थोडी मागे घे, म्हणायचो. मग तो तीन पायऱ्या चढून यायचा, बटण दाबायचा, अंदाजाने सोडायचा आणि बरोबर पियानोच्या सुरुवातीला आणायचा. त्या तीन आठवड्यांत त्याचा हात इतका बसला, की पुढे अंधारातसुद्धा चुकायचा नाही. अंग खाजत असताना त्या खोलीत मला हसू आलं ते फक्त या गाण्यामुळे. तो बँड खोटा आहे हे मला फार उशिरा कळलं. कळलं त्या दिवशी मी दादाला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "म्हणजे ते दोघं आपल्यासारखंच करत होते की!" आम्ही लहानपणी गणपतीच्या मिरवणुकीतला बँड तोंडाने वाजवत घरभर फिरायचो, त्याबद्दल तो बोलत होता.

तुमच्याकडे हे गाणं कसं आलं? सातारा-सांगलीकडच्या मंडळींनी जरूर लिहा. लांबी कितीही चालेल.

सांगली, गणपती पेठ

दादा, अंगुस्तान शब्द वाचला आणि राहवलं नाही. माझे वडील शिंपी. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पेठेत त्यांचं चाळीस वर्षं दुकान होतं, आता डोळ्यांमुळे बंद केलंय. मी कॉलेजला असताना दुकानात बसून काजं-बटणं करायची आणि कानात हे गाणं असायचं. एकदा अण्णांना ऐकवलं आणि सांगितलं, की हा जो टपटप आवाज आहे ना, तो अंगुस्तानांचा आहे. अण्णांनी हातातलं काम खाली ठेवलं. "पुन्हा लाव," म्हणाले.

दोनदा ऐकून त्यांनी आपलं अंगुस्तान मशीनच्या फळीवर वाजवून बघितलं. आवाज आला नाही. शिंप्याचं अंगुस्तान वरून उघडं असतं, नुसतं कडं. सुई आम्ही बोटाच्या बाजूने ढकलतो, शेंड्याने नाही. त्यामुळे फळीवर लागतं ते नखच. अण्णा म्हणाले, "हे आपलं नव्हे. हे बंद टोपीचं आहे, बायका भरतकामाला घालतात ते." मग आईचा भरतकामाचा डबा निघाला. त्यात पितळेची दोन होती, वर बारीक खळ्या असलेली. अण्णांनी तर्जनीत आणि मधल्या बोटात घातली. आधी फळीवर, मग कातरीच्या पात्यावर, मग मशीनच्या पत्र्यावर वाजवून पाहिलं. पत्र्यावर ठोका बरोबर लागला. दारात गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला येऊन उभं, आणि अण्णा मान खाली घालून दोन बोटांनी नाचतायत. मी अण्णांना कामाच्या वेळी असं कधी पाहिलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "चालू द्या, मला घाई नाही."

त्यांना त्या गाण्यातला एक शब्द कळत नाही, तरी त्या दोघांविषयी अण्णांचं मत पक्कं आहे. म्हणतात, ज्याला हाताशी असलेल्या वस्तूचा आवाज माहीत असतो, तो खरा कारागीर.

वाई

माझं मत थोडं वेगळं पडेल. त्याच बाजूचं दुसरं गाणं, 'लेझिंग ऑन अ संडे आफ्टरनून', मला जास्त जवळचं. एक मिनिट आणि वर काही सेकंद, की संपलं. त्यात फ्रेडीचा आवाज जुन्या भोंग्यातून आल्यासारखा येतो ना, त्यासाठी त्यांनी गायलेलं हेडफोनमधून सोडलं, ते हेडफोन पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि डब्यातला आवाज परत मायक्रोफोनने टिपला. मी आठवीच्या मुलांना ध्वनी शिकवते. गेल्या वर्षी वर्गात तुपाच्या रिकाम्या डब्यात छोटा स्पीकर ठेवला, एका मुलीच्या आवाजातली कविता त्यातून लावली आणि वर दुसरा मोबाईल धरला. आलेला आवाज ऐकून ती मुलगी म्हणाली, "बाई, मी रेडिओवरची आजी झाले." त्या दिवसापासून मुलं घरून डबे आणतात. पत्र्याचा, ॲल्युमिनियमचा, प्लॅस्टिकचा, प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि का वेगळा हे आता मला शिकवावं लागत नाही, तीच एकमेकांशी वाद घालतात.

धागाकर्ता

ताई, हेही याच धाग्यातलं. त्याच बाजूवर राहतात दोघं, शेजारी म्हणा.

मिरज

आमच्या गावाचं नाव सतार-तंबोऱ्यांसाठी, पण आमच्या घरात फुंकीचं वाद्य. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तीस सीझन केले. त्यांना मी हे गाणं काही न सांगता ऐकवलं, मुद्दाम. बघू ओळखतात का.

बँडचा तुकडा आला, त्यांनी डोळे मिटले. संपल्यावर म्हणाले, "क्लॅरिनेट न्हाई ह्ये. रीड न्हाई ह्यात. रीड असली की वरच्या सुराला कडंनं जरा चिरतं, ह्यो गोल ऱ्हातोय. तोंडानं करतंय कुणीतरी. पण वाजिवणाऱ्याला ऐकलंय त्यानं, चांगलं ऐकलंय." मग ट्यूबाचा आवाज आला तिथे परत थांबवायला लावलं आणि मनापासून हसले. त्यांच्या बँडमध्ये मोठं पितळी वाद्य वाजवणारे काका दम लागला की मध्ये दोन सूर तोंडानेच म्हणून टाकायचे, वरातीच्या गोंगाटात कुणाला कळायचं नाही. ते काका आता नाहीत. वडील त्यांच्याबद्दल त्या संध्याकाळी बराच वेळ बोलत होते. मला हे काही माहीतच नव्हतं.

क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने त्याच अल्बमच्या दुसऱ्या बाजूला, 'गुड कंपनी'मध्ये, अख्खा जॅझ बँड नुसत्या गिटारवर उभा केलाय. तेही ऐकवलं. वडिलांना आवडलं, पण म्हणाले, "पहिलंच लाव."

कराड

आमच्याकडून समुद्र म्हणजे कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण, मग गुहागर. धाकटी बहीण दहा वर्षांची होईपर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता. गाडीत आम्ही दोघी एकाच इअरफोनच्या दोन टोकांना. घाटात तिला मळमळायला लागलं, म्हणून लक्ष वळवायला मी हे लावलं आणि समुद्राचं गाणं आहे म्हणाले. त्यानंतर पोचेपर्यंत तिने दुसरं काही लावू दिलं नाही. आज ती तिशीची आहे. मला फोनवर काही न बोलता नुसतं तोंडाने ट्यूबा करते आणि मी ओळखते, हिला सुट्टी मिळालीय.

पाचगणी

नमस्कार. मी वाई-पाचगणी-महाबळेश्वर गाडी चालवतो. लिहायची सवय न्हाई, संभाळून घ्या.

पाव्हणं येत्यात, शाळा कुठं इचारत्यात, गेटापाशी फोटो काढत्यात. गाडीत बसलं की म्हणत्यात, ते मोठं गाणं लावा. मी लावतो, पण आधी हे. हे मला एका पारशी आजींनी दिलं. चार दिवस गाडी ठरवली हुती त्यांनी, जाताना पेन ड्राइव्ह हातात ठेवला आन म्हणाल्या, "डिक्रा, मोटा गाना तो सब सुनते, ये सुन." मला वाटलं म्हाताऱ्या माणसाची आवड म्हंजे हळू, रडकं काहीतरी असंल. घरी जाऊन पोरांसंगं ऐकलं तर पोरं उठून नाचायलाच लागली.

पाचगणीचा नाका सोडून पसरणी घाटाला लागलो की मी ते सुरू करतो. बँडचा तुकडा यायला दुसरं वळण. गाडीतलं पाव्हणं आपापसात भांडत असलं तरी तिथं गप हुत्यात. मग कुणीतरी इचारतंच, "ह्ये कुणाचं?" मी मागं हात करून दाखवतो, "त्याच पोराचं, ज्याची शाळा बगितली."

एकच सांगतो. तिथं ह्या डोंगरात त्यो आठ वर्षांचा एकटा आला हुता, आईबाप समुद्रापलीकडं. माझी पोरगी आठ वर्षांची झाली तवापासून मला हे गाणं येगळंच लागतं. हसवणारं हाय, आन तरीबी.

सांगली, गावभाग

वरचं वाचून माझंही लिहावंसं वाटलं.

आमचीही साठ मिनिटांचीच कॅसेट. ए बाजूची सात गाणी साडेवीस मिनिटांत संपायची, म्हणजे पुढे नऊएक मिनिटं टेप कोरी. भाऊ तिथे काहीबाही भरायचा. एकदा त्याने आजीला समोर बसवून बटण दाबलं. आजीला वाटलं, रेडिओ स्टेशनला जाणार आहे हे. ती आवाज लावून म्हणते, "सुरू झालं का रे? बोलू?" मग ऊस, पाऊस, धाकट्या आत्याचं बाळंतपण, असं सगळं सांगून झाल्यावर, "ते तुमचं पिपाणीवालं संपलं का आधीचं? चांगलं होतं ते."

२०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं. कॅसेटचा खोका खालच्या कपाटात राहिला. पाणी उतरल्यावर सगळ्या कॅसेटी गाळाने भरलेल्या. बाकीच्या टाकल्या, ही एक उघडली. पाचही स्क्रू काढले, टेप साध्या पाण्यात धुतली, कॉटच्या दांड्यावर वळसे घेऊन सावलीत वाळवली आणि दुसऱ्या कोऱ्या कॅसेटच्या कवचात बसवली. पेन्सिलने हळूहळू गुंडाळायला एक रविवार गेला. सुरुवातीची गाणी गेली. 'सीसाइड'मधला पियानो लाटेसारखा वरखाली होतो, बँड मात्र बराचसा नीट येतो, आणि पाठोपाठ आजी. ते गाणं वाचलं म्हणून आजीपर्यंत पोचता येतं. थेट पुढे पळवून मी तिला कधीच ऐकत नाही, आधी गाणं पूर्ण होऊ देते.

आता दोन्ही मोबाईलवर घेऊन ठेवलंय, भावाकडेही पाठवलंय.

मिरज

गणपती पेठेतल्या ताईंना विचारायचं होतं. तुमचा मजकूर वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणतात, बंद टोपीचं अंगुस्तान हल्ली कुठे मिळतं का, आणि अण्णांनी पत्र्यावर कुठल्या बोटाने सुरुवात केली? त्यांच्याकडे बँडच्या जुन्या ड्रमचा पत्रा पडून आहे. त्यावर करून बघायचंय.

सांगली, गणपती पेठ

काका, अण्णांना विचारलं. मधल्या बोटाने सुरुवात, तर्जनी मागून. एका बोटाने करू नका, ठोका सरळ पडतो, चाल येत नाही म्हणाले. आणि नवी आणू नका, ती पातळ पत्र्याची असतात. आईच्या दोनपैकी एक अण्णांनी तुमच्यासाठी काढून ठेवलंय. मला म्हणाले, दुसरं आपल्याकडे असू दे, ते आले की दोघं मिळून वाजवू. गुरुवारी मी मिरजेला येतेय, तुमच्या वडिलांना घेऊनच परत येईन म्हणते.