गणपतीत लागलेला बुंदीचा खोकला, घटस्थापना आली तरी हटत नाही

पोळीभाजी (गिरगाव)

नमस्कार मंडळी. बुंदी आमची पॉमेरियन, वय नऊ. दरवर्षी गणपतीला आम्ही गुहागरला जातो तेव्हा ती माझ्या आईकडे मुलुंडला असते. यंदा आईच आमच्याबरोबर आली, म्हणून बुंदीला बोर्डिंगला ठेवलं. परत आणली तेव्हा ठणठणीत होती. बॅगा रिकाम्या होतायत न होतायत तोच एका रात्री मान पुढे काढून, चारही पाय रोवून असं काही घोगरं खोकायला लागली की ह्यांनी टॉर्च घेऊन तिच्या घशात बांगड्याचा काटा शोधला. काटा कसला, शेवटी उमासा येऊन थोडा पांढरा फेस पडला.

डॉक्टर म्हणाले केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा एकमेकांकडून लागणारा खोकला. डॉक्सी नावाचं अँटिबायोटिक दिलं, खोकला निम्म्यावर आला. कोर्स संपला आणि पुन्हा तेच. मग दुसरं अँटिबायोटिक. आता ताप नाही, नाक वाहत नाही, खाणं तर विचारूच नका. पण बेल वाजली की खोकला, पाणी प्यायली की खोकला, जिन्यात पट्टा ताणला की खोकला. चाळीत कुठलीच गोष्ट खाजगी नसते. शेजारचे आजोबा सकाळी माझ्याआधी तिची चौकशी करतात.

आता तिसरं अँटिबायोटिक सुचवलंय. बोर्डिंगवाला म्हणतो आमच्याकडे कुणी आजारी नव्हतं. नऊ-इन-वन लस दरवर्षी वेळेवर देतो, मग हे आलं कुठून? आणि सासूबाई अडुळशाच्या सिरपची बाटली घेऊन मागे लागल्यात. कुणाला असा अनुभव?

मुगभजी

आमच्या लॅबला झाला होता, कोमट पाण्यातून मध दिला, आठ-पंधरा दिवसांत गेला. घाबरू नका.

शेवटची_कर्जत

मुगभजी, तुमचा लॅब मधाशिवायही बरा झाला असता. साधा केनेल कफ धडधाकट कुत्र्याला एक ते तीन आठवड्यांत आपला आपण सोडून जातो. मधाने घसा शांत होतो, तेवढं श्रेय त्याला द्या.

ताई, आधी लसीचं. नऊ-इन-वनमध्ये पॅराइन्फ्लुएन्झा आणि अ‍ॅडिनोव्हायरस आहेत, पण केनेल कफचा मुख्य जंतू बोर्डेटेला त्यात नाही. त्याची लस वेगळी, सहसा नाकात थेंब टाकून देतात. तीही बोर्डिंगला सोडायच्या आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही, निदान आठवडाभर आधी हवी. आणि ती घेतली तरी खोकला होणारच नाही अशी हमी नाही, जोर कमी असतो. बोर्डिंगवाला खोटं बोलतोय असंही नाही. लागण झाल्यावर खोकला दिसायला दोन दिवस ते दोन आठवडे लागतात, आणि बरं झालेलं कुत्रंही कित्येक आठवडे जंतू सोडत राहतं. म्हणून चाळीतल्या बाकीच्या कुत्र्यांपासून बुंदीला अजून लांबच ठेवा, पाण्याची वाटी वेगळी.

आता मुद्द्याचं. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात, कफ वर ढकलायला. बोर्डेटेला नेमका त्यांनाच चिकटतो आणि त्यांची वाट लावतो. जंतू मेले तरी ते तंतू भरून यायला काही आठवडे जातात, तोवर नळी हुळहुळी राहते. तेव्हा कोर्स संपल्यावर थोडा खोकला उरला म्हणजे औषध लागू पडलं नाही असं नाही.

पण तुम्ही जे लिहिलंय, बेल, पाणी, पट्टा, ते वाचून मला केनेल कफची शंका कमी आणि पॉमेरियनची शंका जास्त येते. ह्या जातीत श्वासनलिकेच्या कुर्च्या वयाबरोबर मऊ पडतात आणि नळी चपटी होते. ट्रेकियल कोलॅप्स म्हणतात. वर्षानुवर्षं गुपचूप असतं, एखाद्या संसर्गाने निमित्त मिळालं की उघडं पडतं. त्यावर तिसरं काय, तेरावं अँटिबायोटिक दिलंत तरी फरक नाही. तिसरी पट्टी उघडायच्या आधी मान आणि छाती दोन्हींचा एक्स-रे मागा. नऊ वर्षांच्या लहान कुत्र्याचं हृदयही ऐकून घ्यायला हवं, हृदय मोठं झालं की ते नळीवर दाबतं आणि खोकला येतो.

खोकल्याचा व्हिडिओ काढून न्या. टेबलावर ठेवल्यावर ही मंडळी हमखास गप्प बसतात. आणि ती गाढ झोपलेली असताना मिनिटाला किती श्वास घेते ते मोजा. तीसच्या आत असेल तर ठीक. सतत वर जात असेल किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर रात्र बघू नका, तडक न्या.

गळपट्टा आजच काढा. हार्नेस घाला. एक्स-रेसाठी थांबायची गरज नाही.

पोळीभाजी (गिरगाव)

बापरे. आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही. हार्नेस आणते. बाळ आहे घरात, दीड वर्षाचं, त्याला लागेल का? आणि एक विचारायचं राहिलं. गोळी ती पेढ्यातूनच खाते, चालतं ना?

परळी_वैजू

मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची, तेच ते १८८६ सालचं. आता प्रॅक्टिस ठाण्याला. कर्जतकरांनी माझं निम्मं काम केलंय.

पेढा नको. डॉक्सी दुधाच्या पदार्थाबरोबर नीट शोषली जात नाही. चिकनच्या तुकड्यातून द्या आणि वर पाणी पाजा, कारण ती गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. शिवाय पॉमेरियनला पेढे द्यायचं तसंही कारण नाही.

बाळाची काळजी नसावी. बोर्डेटेला हा डांग्या खोकल्याच्या जंतूचा चुलतभाऊ असला तरी माणसाला क्वचितच लागतो, तोही बहुतेक प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना. घरात कुणाची किमोथेरपी वगैरे चालू असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा.

सासूबाईंना सांगा, माणसांचं कुठलंच सिरप नको. शुगर-फ्री बाटलीत साखरेऐवजी झायलिटॉल असू शकतं, सर्दी-खोकल्याच्या मिश्रणात पॅरासिटामॉल, आणि दोन्ही कुत्र्याला विषासारखी. खोकला दाबायची औषधं आमच्याकडेही आहेत, पण छातीत कफ किंवा न्यूमोनिया नाही हे पाहिल्यावरच. खर्चाची अडचण असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, सकाळी लवकर जा.

आता नवरात्र. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल आणि मिरचीची फोडणी, चारही तिच्यापासून लांब. खोकला कोरडा असेल तर अंघोळीनंतर वाफ भरलेल्या मोरीत दहा मिनिटं घेऊन बसा, सैल होतो.

पोळीभाजी (गिरगाव)

एक्स-रे झाला. छाती स्वच्छ, हृदय ठीक, मानेजवळ नळी चपटी दिसतेय. डॉक्टरांनी स्वतःच अँटिबायोटिक बंद केलं, खोकल्याचं औषध दिलं आणि वजन उतरवायला सांगितलं. सध्या ऑपरेशनची गोष्ट नाही. झोपेतले श्वास तिशीच्या आत आहेत. सासूबाई पेढ्याचं ऐकून रुसल्यात, पण सिरपची बाटली कपाटात गेली.

क्रॉफर्ड मार्केटला हार्नेस पाहिला, छातीवरून जाणारा आणि खांद्यांवरून जाणारा असे दोन प्रकार आहेत. कुठला घेऊ?

शेवटची_कर्जत

कुठलाही घ्या, फक्त पट्टी गळ्यावर चढता कामा नये. छातीच्या हाडावर बसली पाहिजे आणि खाली दोन बोटं सरकली पाहिजेत. तिला बरोबर घेऊन जा, केसांमुळे माप फसतं. दुकानात पिंजऱ्यातल्या पिल्लांजवळ मात्र नेऊ नका, बाहेरच उभी करा आणि हार्नेस बाहेर मागवा.