सलग तीन खाडे झाले की गटातून नाव कमी: हे बरोबर आहे का?

तासगावची ताई: भावाला स्किझोफ्रेनिया होऊन १४ वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत. दर शनिवारी एस्टीने त्याला सांगलीला गटोपचाराला नेते, म्हणजे समुपदेशकासोबत पेशंट एकत्र बसून बोलतात तिथे. आता नियम आलाय, सलग तीन खाडे झाले की नाव कमी. माझा याला साफ विरोध आहे. काही करावंसंच न वाटणं हे या आजाराचं लक्षण आहे, आळस नव्हे. त्यात रात्रीच्या गोळीची झापड सकाळी दहापर्यंत उतरत नाही. तापात फणफणलेल्याला कुणी हजेरी विचारतं का?

मिरजकर: मी स्वतः पेशंट, बायपोलर, म्हणजे मन कधी टोकाचं उत्साही, कधी टोकाचं खचलेलं. नियम हवाच. गट म्हणजे पारावरच्या गप्पा नव्हेत. मी एकदा आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल बोललो. पुढच्या शनिवारी, ज्यांच्यासमोर बोललो त्यांतले तिघंच हजर. बाकीचे माझ्यामुळे आले नाहीत का, हा भुंगा आठवडाभर डोक्यात होता. त्यानंतर दोन महिने मी तोंड उघडलं नाही.

तासगावची ताई: दादा, तुमचं दुखणं समजतं. पण माझा भाऊ चार महिने चपलासुद्धा न काढता दाराशी बसायचा. मध्ये सलग चार खाडे. पाचव्या महिन्यात शेजारच्याचा चहा बशीत सांडला, तेव्हा म्हणाला, "माझा पण हात थरथरतो. गोळीनं होतं." बाहेरच्या माणसाशी कित्येक वर्षांत बोललेलं पहिलं वाक्य. हा नियम तेव्हा असता तर?

कराडहून एक बाप: ताईंशी सहमत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांतली तूट ७० ते ९२ टक्के निघाली. म्हणजे दहातले सात-नऊ जण दारापर्यंतच येत नाहीत. जो आलाय त्याला बाहेर काढायचं? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क आहे.

मिरजकर: हक्क माझाही आहे काका. खुला गट वेगळा करा, कुणीही यावं, दाराशी बसावं. पण एक गट बंद ठेवा, तीच माणसं, तेच चेहरे. जिवावरचं बोलायला मला तेवढं लागतं.

तासगावची ताई: दोन गट झाले तर सोनंच. पण इथे एकच खोली आणि एकच समुपदेशक. उद्या शनिवार. दोन खाडे झालेत, आणि आज दुपारपासून त्याने पांघरूण तोंडावरून काढलेलं नाही.